जमीन वारशाने, नेतृत्व लायकीने

बायबलमधली घराणी : भाग ६

मागच्या भागात आपण नामी आणि रूथ या सासूसुनेची गोष्ट पाहिली. मवाबातून आलेली परकी सून बेथलेहेमच्या घराण्यात मिसळली आणि तिचा पणतू दावीद पुढे राजा झाला. त्यावर वसईच्या वाचकांनी हमखास विचारावा असा एक प्रश्न उरतो. घराण्याकडून पुढच्या पिढीला मिळते तरी काय काय? वाडी मिळते, आडनाव मिळते, देवघरातला क्रुस मिळतो. मग गावाचे पुढारपणही त्याच गाठोड्यात बांधलेले असते का?

बायबलचे उत्तर ‘गणना’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. या एकाच अध्यायात दोन वेगळी प्रकरणे शेजारी शेजारी आली आहेत.

पहिले प्रकरण जमिनीचे. सलाफहाद नावाचा माणूस रानात वारला. त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. या पाच जणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून बापाचे नाव कुळातून का पुसले जावे, आम्हालाही वतन द्या, असे त्यांचे म्हणणे. मोशेने निर्णय स्वतः दिला नाही, परमेश्वरापुढे ठेवला. मुलींचे म्हणणे रास्त ठरले आणि पुढच्या सगळ्यांसाठी तसा नियम झाला.

दुसरे प्रकरण अधिकाराचे. मोशेला सांगण्यात आले की, तू वचनदत्त देश दुरून पाहशील, पण त्यात पाऊल ठेवणार नाहीस. त्यावर मोशेने स्वतःसाठी काही मागितले नाही. लोक मेंढपाळाविना राहू नयेत, त्यांच्यावर कुणीतरी नेमावा, एवढेच मागितले. मोशेला गेर्षोम आणि अलियेजर असे दोन मुलगे होते. त्यांची गणना पुढे इतर लेव्यांमध्येच झाली. नेमणूक झाली ती नूनाचा मुलगा यहोशवा याची. तो तर एफ्राइमाच्या वंशातला. तरुणपणापासून तो मोशेचा सेवक होता, अमालेकांशी लढला होता आणि देश हेरायला गेलेल्या बारा जणांपैकी ज्या दोघांनी धीर सोडला नाही त्यांत एक होता. मोशेने सगळ्यांदेखत त्याच्यावर हात ठेवले.

जमिनीला रक्ताचे नाते पुरले. अधिकारासाठी वर्षानुवर्षांची परीक्षा लागली.

वसईत यातले पहिले प्रकरण आजचेच वाटते. भारतातल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता बाप गेला, तर मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा. केळीच्या वाड्या आणि बावखले होती तिथे इमारती उभ्या राहू लागल्या, जमिनीचे भाव चढले आणि सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला किंमत आली. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायची रीत महाराष्ट्रातल्या सगळ्याच समाजांत दिसते. ज्यांच्या घरी बायबल आहे, त्यांना या पाच बहिणींची नावे ठाऊक असायला हवीत.

मुलगा म्हणून अधिकार दिला तेव्हा काय झाले, हेही बायबल लपवत नाही. याजक एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास वेदीवरच्या अर्पणातच हात घालत. एलीच्या हाताखाली वाढलेल्या शमुवेलाने हे डोळ्यांनी पाहिले होते. तरी म्हातारपणी त्याने योएल आणि अबीया या आपल्या मुलांना बैर-शेबा येथे न्यायाधीश नेमले आणि त्यांनी लाच खाल्ली. तेव्हा वडीलधारी मंडळी शमुवेलाकडे आली आणि आम्हाला राजा हवा म्हणाली. शलमोनाचा मुलगा रहबाम याने जुन्या सल्लागारांना बाजूला सारले, बरोबरच्या तरुणांचे ऐकले, लोकांवरचे ओझे आणखी वाढवीन म्हणाला आणि दहा वंश गमावून बसला. याच्या अगदी उलट योनाथान. शौल राजाचा मुलगा, गादीचा हक्कदार. पण राज्य दावीदाकडे जाणार हे ओळखून, तू राजा होशील, मी तुझ्याखालोखाल राहीन, असे तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला.

लायक नेताही चुकू शकतो. यहोशवाने देश वाटून दिला, पण आपल्यामागे कोण, याची सोय केल्याचे दिसत नाही. ‘शास्ते’ या पुस्तकाच्या सुरुवातीलाच नोंद आहे की, त्याच्यानंतर परमेश्वराला न ओळखणारी पिढी उठली. इथे तिसरा वारसा येतो, श्रद्धेचा. तो सातबाऱ्यासारखा नावावर चढत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने शिकवावा लागतो.

हे शिकवणे कुठे होते? तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन बायकांची नावे आहेत : आजी लोईस आणि आई युनीके. तीमथ्य लुस्त्रचा. आई यहूदी, बाप ग्रीक. पवित्र शास्त्र त्याला बाळपणापासून ठाऊक होते, ते या दोघींमुळे. परंतु पौलाने त्याला सोबत घेतले ते आजीच्या पुण्याईवर नव्हे. लुस्त्र आणि इकुन्य या दोन गावांतले बंधुजन त्याच्याविषयी चांगले बोलत होते. श्रद्धा घराने दिली, दाखला गावाने दिला.

हेच वसईच्या इतिहासात घडलेले दिसते. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढे १५५६च्या सुमारास इथे गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली, म्हणजे तीमथ्यासारखेच दुपेडी घर. येशूसंघी धर्मगुरूंबरोबर तो पोरवयात जपानला गेला, भाषा शिकला, पुढे व्यापारी झाला. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघात ‘ब्रदर’ म्हणून दाखल झाला. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. त्याचे मोल होते ते जपानी भाषेमुळे, दुभाषा म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारलेल्या सव्वीस जणांत तो होता. १८६२मध्ये त्याला संत घोषित करण्यात आले. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच.

मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे किल्ला पडला. राज्यकर्ते गेले, त्यांच्याबरोबर बहुतेक युरोपीय धर्मगुरूही गेले. सत्तेच्या आश्रयाने आलेला धर्म सत्तेबरोबर ओसरायला हवा होता. तो राहिला, कारण इथले स्थानिक धर्मगुरू होते आणि संध्याकाळी माळ करणारी घरे होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. वेदीवरचे शब्द बहुतेकांना कळत नसत. कळणारी प्रार्थना घरातल्या बाईच्या तोंडी होती.

नेतृत्वाच्या बाबतीत कॅथलिक रचनेत एक खुबी आहे. धर्मगुरूला संसार नाही, म्हणून त्याची गादी मुलाकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही. घर मुलगा देते, पद घराकडे परत येत नाही. १९९८मध्ये वसई धर्मप्रांत स्थापन झाला. थॉमस डाबरे, फेलिक्स मच्याडो आणि २०२४पासून थॉमस डिसोजा हे तिन्ही बिशप वसईच्याच गावांतले, पण तिघे तीन वेगळ्या घरांतले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, हरित वसईच्या चळवळीत पाणी आणि झाडांसाठी लढा दिला, ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आणले आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. यांतले काहीच त्यांना घराण्याकडून मिळाले नव्हते.

संसारी माणसांच्या संस्थांना मात्र ही आपोआपची सोय नाही. मोन्सेनॉर पी. जे. मोनीस यांनी १९१८मध्ये सुरू केलेली बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँक शंभरी ओलांडून उभी आहे. सहकारात सभासदाला एक मत असते, मग त्याची वाडी केवढीही असो. पण मत कुणाला द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पतपेढी असो, ग्रामसभा असो की महापालिकेचा प्रभाग, आडनाव पाहून शिक्का मारण्याचा मोह सगळीकडे सारखाच.

त्यासाठी कसोटी मोशेच्या सासऱ्याने, इथ्रोने, केव्हाच सांगून ठेवली आहे. माणूस कर्तबगार असावा, देवाला भिणारा असावा, खरेपणाने वागणारा असावा आणि लाचेचा त्याला तिटकारा असावा. अशांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नेम, असे त्याने सुचवले. या चार अटींत बापाचे नाव कुठेच नाही. शमुवेलाचे मुलगे शेवटच्या अटीतच नापास झाले होते. पुढच्या वेळी उमेदवार दारात येईल तेव्हा तो कुणाचा कोण, हे विचारण्याआधी या चार गोष्टी विचारायला हरकत नाही.

(पुढच्या भागात : यरुशलेमची भिंत बावन्न दिवसांत उभी करणारा नहेम्या आणि आपापल्या घरासमोरचा भाग बांधणारी कुटुंबे.)