हायड्रोपोनिक्सचे कर्ज: ‘निम्मे सरकार देते’ म्हणजे नेमके किती?

‘पन्नास टक्के अनुदान, उरलेले बँक देते, तुम्ही फक्त जागा द्या.’ हायड्रोपोनिक्सचे संच विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात हे वाक्य थोड्याफार फरकाने असतेच. ते सरळ खोटे नसते, म्हणूनच जास्त फसवते. अनुदान आहे, बँकाही कर्ज देतात. पण पन्नास टक्के कशाचे, ते कधी मिळणार आणि बँक काय पाहून पैसे देणार, याबद्दल पत्रक गप्प असते.

‘निम्मा खर्च सरकार उचलते’

सरकार निम्मा खर्च उचलते तो तुमच्या बिलाचा नव्हे, तर योजनेत ठरवून दिलेल्या मापदंडाचा. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाचेच उदाहरण घ्या. त्याच्या 2014 च्या मापदंडांनुसार नैसर्गिक वायुवीजनाच्या 1008 चौरस मीटर, म्हणजे साधारण दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसला चौरस मीटरमागे 935 रुपये खर्च ग्राह्य धरला जाई. गुणाकार केला तर होतात 9,42,480 रुपये, आणि अनुदान त्याच्या निम्मे, म्हणजे 4,71,240. समजा तुमचा प्रकल्प पाइप, पंप, आरओ, पाणी थंड करणारा चिलर आणि सेन्सर धरून चाळीस लाखांवर गेला. तर हेच ‘पन्नास टक्के’ प्रत्यक्षात बारा टक्क्यांच्या आत येतात.

2025 मध्ये हे मापदंड वाढवले गेले आणि हायड्रोपोनिक्स, एरोपोनिक्स, व्हर्टिकल शेती यांना अभियानात जागा मिळाली. ही बातमी चांगलीच आहे. पण हिशेबाची रीत तीच राहिली: मंजूर क्षेत्र, त्यावर ठरलेला दर आणि त्याचा ठरलेला हिस्सा. त्यामुळे विक्रेत्याचे कोटेशन हाती आले की आधी चालू वर्षाचा मापदंड तालुका कृषी कार्यालयातून घ्यावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. बहुतेकांचा उत्साह इथेच थोडा उतरतो. तो कर्ज काढण्याआधी उतरलेला बरा.

‘अनुदान आले की काम सुरू करू’

क्रम नेमका उलटा आहे. राष्ट्रीय बागवानी मंडळाच्या व्यावसायिक योजनेत अनुदान कर्जाशी जोडलेले असते आणि ते शेवटी येते. आधी बँकेचे मुदत कर्ज आणि तुमची स्वतःची गुंतवणूक लागते, प्रकल्प उभा राहतो, तपासणी होते आणि मग अनुदान येते. तेही तुमच्या खिशात न येता कर्जखात्याच्या बाजूला जमा होते. अशा कर्जसंलग्न योजनांत ते सहसा राखीव निधी म्हणून ठेवले जाते. तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही आणि ठरलेल्या काळानंतर ती रक्कम कर्जात वळती होते. मधल्या काळात बियाणे, खते, मजुरी आणि वीजबिल यांचा भार तुमच्यावरच असतो. ‘अनुदान आले की खेळते भांडवल होईल’ असे गृहीत धरणारे इथे अडकतात.

राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळणाऱ्या अनुदानाचा नियम आणखी कडक आहे. पूर्वी लॉटरीने निवड व्हायची, 2025 पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी प्राधान्य आहे. पण निवड झाली म्हणजे काम सुरू करा असे नव्हे. पूर्वसंमतीचे पत्र हाती येण्याआधी सांगाडा उभा केलात तर तो कितीही उत्तम असला तरी अनुदानातून बाद होऊ शकतो. ‘आधी उभारू, कागद नंतर बघू’ असा सल्ला देणारा ठेकेदार त्याचे बिल तर वसूल करतोच.

‘तीन टक्के अनुदान’

2020 मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीबद्दल हा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो. ते अनुदान नव्हे, व्याजसवलत आहे. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर वर्षाला तीन टक्के, जास्तीत जास्त सात वर्षे. पन्नास लाख बाकी असेल तर त्या वर्षी दीड लाख रुपये वाचतात. मुद्दल फिटत जाते तशी सवलतही कमी होत जाते. हायड्रोपोनिक्स या निधीच्या यादीत आहे. आधी ते गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्था यांच्यापुरते होते. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते सर्व पात्र अर्जदारांसाठी खुले केले. दुसऱ्या योजनेचे भांडवली अनुदान घेऊनही ही सवलत घेता येते. माझ्या मते हायड्रोपोनिक्स करू पाहणाऱ्याला आज सगळ्यांत उपयोगी पडेल अशी ही योजना आहे, कारण तिच्यात तारणाच्या प्रश्नावरही काही तोड आहे.

‘सातबारा माझ्या नावावर आहे, मग तारणाची काय चिंता?’

बँक शेतजमीन नाकारत नाही, पण तिला तेवढी किंमतही देत नाही. थकीत कर्जाची मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याची मुभा बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने दिली. मात्र त्याच कायद्याच्या कलम 31 ने शेतजमीन त्यातून वगळली. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही, म्हणजे लिलावात बोली लावणारेही थोडेच. म्हणून व्यवस्थापक बिगरशेती प्लॉट, गाळा किंवा घर मागतो. तो अडवणूक करतोय असे वाटते, पण त्याच्या खुर्चीतून पाहिले तर ते समजण्यासारखे आहे.

विनातारण शेतीकर्जाची मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून दोन लाख आहे. त्यात व्यावसायिक संच बसत नाही. पायाभूत सुविधा निधीत मात्र दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला पतहमी मिळू शकते आणि तिचे शुल्क सरकार भरते. शाखेत जाताना हे माहीत असावे. सगळ्याच शाखा ते आपणहून सांगतील असे नाही.

‘शेतीला कर्ज देणे बँकेला बंधनकारकच आहे’

बँकांना समायोजित निव्वळ कर्जाच्या 18 टक्के शेतीला द्यावे लागते, हे खरे. पण ते उद्दिष्ट बँकेचे आहे, तुमचा अर्ज मंजूर झालाच पाहिजे असा तुमचा हक्क त्यातून निघत नाही. व्यवस्थापक पाहतो ते हप्ता फिटेल का. मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाला सहा लाख भरायचे असतील, तर खर्च वजा जाता साधारण नऊ लाख हाती राहावेत अशी त्याची अपेक्षा असते. काही वर्षांपूर्वी पॉलिहाऊस आणि शेडनेटधारक शेतकऱ्यांनी कर्जमाफीसाठी आंदोलने केली होती. ती त्याच्याही लक्षात असतात.

तयार प्रकल्प अहवाल इथेच उघडे पडतात. लेट्युसचा भाव बारा महिने एकच, विक्री शंभर टक्के, वीज जवळपास फुकट. प्रत्यक्षात मे महिन्यात पोषणद्रावण तापते, मुळे कुजू लागतात आणि चिलर दिवसभर चालतो. राज्यातील मोफत विजेची योजना साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी आहे. ग्रीनहाऊससारख्या उच्च तंत्र शेतीचा वीजदर ‘कृषी – इतर’ या वेगळ्या वर्गात मोडतो. दोन-तीन हॉटेलांची किंवा भाजी पुरवठादारांची लेखी खरेदीपत्रे आणि तळेगाव दाभाड्याच्या फलोत्पादन प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणचे संरक्षित शेतीचे प्रमाणपत्र, हे दोन कागद गुळगुळीत अहवालापेक्षा जास्त वजनाचे ठरतात.

थोडक्यात उरलेले

मुद्रा योजना पीककर्जासाठी नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातही थेट पीक घेणे बसत नाही. भाजी धुऊन, कापून, पॅक करण्याचा उद्योग असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल दहा लाख अनुदान आहे, पण ते प्रक्रियेच्या यंत्रांसाठी. गच्चीला सातबारा नसतो, त्यामुळे कृषी विभागाच्या अनुदानाचे दार तिथे बंदच समजावे.

हायड्रोपोनिक चारा संचाचे गणित वेगळे तपासा. गोव्यात दूध सोसायट्यांमध्ये हे संच बसले, तेव्हा एक किलो मक्यापासून आठवड्यात पाच-सहा किलो हिरवा चारा निघतो हे दिसले. वाढलेले वजन मात्र पाण्याचे असते. एक किलो मक्यात सुमारे 880 ग्रॅम शुष्क पदार्थ असतो. साडेपाच किलो चाऱ्यात बारा टक्के धरला तर तो 660 ग्रॅमच भरतो. ‘सहापट खाद्य’ असे लिहिलेला अहवाल बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याला पटणार नाही.

राहिला प्राप्तिकर. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून अहवालात कराच्या रकान्यात शून्य लिहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये शेतीची व्याख्या जमिनीवरच्या मूलभूत मशागतीशी जोडली. 2018 मध्ये हैदराबादच्या प्राप्तिकर न्यायाधिकरणाने ट्रेमधल्या मातीत वाढवलेल्या मशरूमचे उत्पन्न शेतीचे मानले, पण तिथे निदान माती होती. हायड्रोपोनिक्समध्ये ती नसतेच. म्हणून हा रकाना सनदी लेखापालाला विचारूनच भरावा, आणि कर लागला तरी हप्ता निघतो का, हे त्याच बैठकीत पाहून घ्यावे.