हातभार की मजुरी?



मुलांच्या हक्कांचा विषय निघाला म्हणजे शाळा, खेळ, आरोग्य यांची यादी बहुधा सांगितली जाते. परंतु त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. काम करणाऱ्या मुलाला घरातले मूल समजावयाचे की मजूर? या प्रश्नाची उकल भंडारा जिल्ह्यातील विडीच्या धंद्याच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसते, तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

भंडारा आणि 1999 साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया हा भाताचा आणि जंगलांचा मुलूख. उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडावयाची, पुडे बांधून वाळवावयाची आणि पुढे त्याच पानांत तंबाखू भरून विड्या वळावयाच्या, असा हा धंदा विसाव्या शतकात येथे फोफावला. विडीला यंत्र लागत नाही. भिजवून मऊ केलेले पान मापाप्रमाणे कात्रीने कापावयाचे, त्यात चिमूटभर तंबाखू घालून ते वळावयाचे, दोऱ्याने बांधावयाचे आणि तोंडाची कड आत मुडपावयाची. 25 विड्यांचा एक कट्टा आणि मजुरी हजारी हिशेबाने. यंत्र नाही, म्हणून काम कोठेही नेता येते. मजुरी नगावर आहे, म्हणून घरातील प्रत्येक लहान हात उपयोगी पडतो. पान कापणे, कड मुडपणे ही कामे तर कोवळ्या बोटांना सहज साधतात. मुले या धंद्यात आली ती या दोन कारणांनी.

कायद्याचे लक्ष प्रथम कारखान्याकडे गेले. 1929 साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने 1931 च्या अहवालात विडीसारख्या अनियंत्रित कारखान्यांतील मुलांची स्थिती नोंदविली. पाच वर्षांची पोरे काही ठिकाणी 10 ते 12 तास राबत आणि त्यांच्या हाती दोन आणे पडत. आगाऊ रक्कम घेऊन मुलाची मजुरी गहाण टाकण्याचे करार 1933 च्या कायद्याने रद्दबातल ठरविले. भंडारा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. त्या प्रांताने 1937 साली अशा अनियंत्रित कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. 1938 च्या मुलांच्या नोकरीविषयक कायद्यात पुढच्याच वर्षी दुरुस्ती होऊन बारा वर्षांखालील मुलांना विडीच्या कामास ठेवण्यास बंदी झाली. परंतु या बंदीत एक सवलत होती. मालक पगारी मजूर न ठेवता केवळ कुटुंबाच्या साहाय्याने काम करीत असेल, तर तेथे ती लागू नव्हती.

ही सवलत वरवर पाहता निरुपद्रवी, किंबहुना शहाणपणाची वाटते. आईबापांच्या घरात सरकारने का शिरावे? परंतु तिचे आयुष्य मोठे ठरले. 1966 च्या विडी कामगारांच्या कायद्याने कारखान्यातील वयोमर्यादा चौदा केली, तरी स्वतःच्या घरी कुटुंबासह धंदा करणारा, तो कोणाचा नोकर नसेल तर, त्यातून सुटला. 1986 च्या कायद्यात निषिद्ध प्रक्रियांच्या यादीत विडीचे नाव पहिले होते आणि कुटुंबाची सवलत तेथेही होती. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवणे सर्वस्वी बंद केले. तथापि शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यात, तो धोक्याच्या यादीत नसेल तर, मदत करण्याची मुभा राहिलीच.

येथे खरा पेच आहे. कंत्राटदार पाने, तंबाखू आणि दोरा घरी देतो. विड्या मोजून घेतो, काही नापसंत करून बाजूला टाकतो. हिशेब आईच्या नावाचा असतो. त्या हजारांत मुलीच्या बोटांनी मुडपलेल्या विड्या किती, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. कारखान्यात बसली असती तर ती मजूर ठरली असती. तिचे वय विचारले गेले असते, तास मोजले गेले असते. उंबरठ्याच्या आत येताच ती केवळ आईला हातभार लावणारी गुणी लेक होते. बोटे तीच, श्वासात जाणारी तंबाखूची धूळही तीच. बदलते ती तिची ओळख, आणि ओळखीबरोबर तिचे हक्क.

यात दोष आईला देणे अन्यायाचे होईल. एका माणसाच्या वळणुकीत घर चालत नाही, म्हणूनच दुसरे हात लागतात. शिवाय घरचे प्रत्येक काम म्हणजे शोषण असेही नव्हे. धानाच्या बांधावर बापामागून चालणारा मुलगा काही शिकतही असतो. मग भेद कसा करावा? तीन प्रश्न पुरेसे आहेत. या कामातून मूल उद्या त्याच्या उपयोगी पडेल असे काही शिकते काय? दमल्यावर किंवा शाळेची घंटा होताच त्याला उठता येते काय? आणि कामाचा भाव घर ठरविते की घराबाहेरचा व्यापारी? भाव बाहेर ठरत असेल, तर ते काम घरात चालत असूनही घरचे नव्हे. ती मजुरीच होय.

व्हिव्हियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ विदुषीने 1985 च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, अमेरिकेत 1870 ते 1930 या काळात मुलाचे कमावते मूल्य संपत गेले आणि त्याच वेळी ते भावनेने अमोल ठरत गेले. आपल्या शहरी घरांतही हेच घडले आहे. आपले मूल कमावीत नाही, म्हणूनच त्याचे बालपण आपणास स्वयंसिद्ध वाटते. मात्र ते प्रत्येक मुलाच्या वाट्यास आलेले नाही. 1989 च्या बालहक्क संहितेत भारत 1992 साली सामील झाला, तेव्हा बालमजुरीविषयीच्या बत्तिसाव्या कलमापुरते त्याने निवेदन जोडले की, ही तरतूद टप्प्याटप्प्याने अमलात आणली जाईल. त्याच संहितेचे बारावे कलम सांगते की, मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचे मत ऐकावे. घरच्या कामाबद्दल त्याला आजवर कितीदा विचारले गेले?

तेव्हा उपाय मुलाला आईपासून ओढून काढण्याचा नाही. आईच्या एकटीच्या श्रमाला पुरेसा दाम मिळावा आणि मुलाचे श्रम त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखले जावेत, हा आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्याच घराविषयी. घरकामास लहान मूल ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. तरीही ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे’ हे वाक्य आपल्या कानांस अपरिचित नाही. भंडाऱ्यातील झोपडीत जो उंबरठा मुलीची ओळख पुसतो, तोच या एका शब्दात आहे. घरच्यासारखी म्हणजे घरची नव्हे, हे आपण स्वतःशी मान्य केले, तरच मुलांच्या हक्कांची भाषा बोलण्याचा अधिकार आपणास येईल.