शुक्रावरचा मध्यरात्रीचा उजेड

शुक्राची रात्र संपता संपत नाही. तिथे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत आपले जवळपास ११७ दिवस जातात, म्हणजे सुमारे दोन महिने नुसता अंधार. सोबतीला चंद्रही नाही. खाली ४६० अंश सेल्सियसला तापलेली जमीन, तिच्यावर ढगांची जाड गोधडी. त्या ढगांच्याही वर, जमिनीपासून साधारण ९६ किलोमीटरवर, हवेचा एक पातळ थर मात्र चमकत असतो. डोळ्यांना तो दिसायचा नाही. हा उजेड अवरक्त आहे, तरंगलांबी १.२७ मायक्रॉन.

गंमत म्हणजे हा उजेडही मुळात सूर्याचाच. शुक्राच्या हवेत ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. दिवसाच्या बाजूला अतिनील किरण त्याचे रेणू फोडतात, ऑक्सिजनचे अणू सुटे होतात आणि उंचावरच्या वाऱ्यांबरोबर रात्रीच्या बाजूला येऊन पोचतात. तिथे हवा खाली उतरते, अणूंची गर्दी होते, दोन-दोन अणू जोडी जमवून रेणू बनतात. जोडणीतली ऊर्जा काही रेणूंमध्ये शिल्लक राहते. असा रेणू एकटा सोडला, तर ती उजेडाच्या रूपात बाहेर टाकायला त्याला सरासरी तासाभराहून अधिक वेळ लागतो! एरवी अणु-रेणूंचे असले व्यवहार सेकंदाच्या कोट्यंश भागात उरकतात. खालच्या दाट हवेत तोवर टकरा होऊन ऊर्जा उष्णतेत जिरली असती. इतक्या उंचीवर बऱ्याच रेणूंना चमकून घ्यायला सवड मिळते.

पियेर कॉन आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली ही चमक चक्क पृथ्वीवरून टिपली. पंचाईत अशी, की आपल्या डोक्यावरचा ऑक्सिजनही नेमका याच तरंगलांबीला चमकतो आणि शोषतो. पण शुक्र आपल्या जवळ येताना किंवा लांब जाताना त्याच्या वर्णरेषा जराशा सरकतात, आणि तेवढ्यावर त्या वेगळ्या ओळखता येतात.

२००६ पासून ‘व्हीनस एक्स्प्रेस’ यानाने या उजेडाचे नकाशे काढले. सरासरी पाहिली तर तो मध्यरात्रीच्या आसपास, सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला सर्वांत तेजस्वी. प्रत्यक्षात मात्र ठिगळाठिगळांचा, काही तासांत रूप पालटणारा. न दिसणारा वारा कुठे खाली उतरतोय, ते ही ठिगळं सांगतात.

२००८ मध्ये याच यानाला तिथे हायड्रॉक्सिलचीही अवरक्त चमक सापडली. पृथ्वीवर ती हायड्रोजन आणि ओझोन यांच्या अभिक्रियेतून उमटते. मग शुक्रावरही ओझोन असणार? होता. २०११ मध्ये तोही सापडला, शुक्राच्या हवेतून आरपार आलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशात.