एक कंपनी, दोन नावे

विद्यार्थी मित्रांनो, मांजर्लीहून बदलापूर स्टेशनावर जाऊन तुम्ही कधीतरी मुंबईची लोकल पकडली असेल. एकाच लोकलला पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे डबे असतात. भाडे वेगळे असते. पण वर्ग डब्यावर लिहिलेला असतो. त्यामुळे कोणाचा गोंधळ होत नाही. विमानप्रवासात मात्र एकदा असा गोंधळ झाला. त्याची ही हकिकत.

मुंबईच्या जेट एअरवेजने १९९३ साली विमानसेवा सुरू केली. तिच्या विमानात जेवण मिळत असे. पुढे स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या. २००८ साली इंधन महागले, मंदी आली आणि प्रवासी स्वस्त तिकिटांकडे वळले. तेव्हा मे २००९ मध्ये जेटने 'कनेक्ट' नावाची स्वस्त सेवा काढली. तिच्यात जेवण विकत घ्यावे लागे.

पण तिकीट स्वस्त करणे कंपनीला कसे परवडते? विमान जमिनीवर उभे असले तरी खर्च चालूच असतो. म्हणून स्वस्त सेवेचे विमान उतरले, की लवकरात लवकर पुन्हा उडते. दिवसाला फेऱ्या वाढतात. सर्व विमाने एकाच जातीची असली, तर सुटे भाग आणि दुरुस्ती यांवरचा खर्चही वाचतो. नुसते जेवण बंद करून एवढी बचत होत नाही.

कनेक्टची विमाने जेटचीच होती. शिवाय २००७ साली विकत घेतलेल्या एअर सहाराला कंपनीने 'जेटलाइट' हे नाव दिले होते. आपण नेमके कोणत्या सेवेचे तिकीट काढले, हे प्रवाशाला चटकन कळेना. अखेर २०१४ च्या शेवटी स्वस्त सेवा बंद करून कंपनीने एकच नाव ठेवले. तिचे कर्ज मात्र पुढेही वाढत गेले. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची विमाने थांबली आणि हजारो कर्मचाऱ्यांचा रोजगार गेला.

मित्रांनो, दुकानावरची पाटी हे गिऱ्हाइकाला दिलेले वचन असते. स्वस्त माल विकण्यात कमीपणा नाही. पण पैशांच्या बदल्यात काय मिळणार, हे आधी स्पष्ट सांगावे.

शब्दार्थ : इंधन – ईंधन, बचत – किफायत, कर्ज – क़र्ज़, वचन – वादा.

स्वाध्याय :
१. विमान जमिनीवर उभे राहिल्यास कंपनीचे नुकसान का होते?
२. 'पाटी हे वचन असते' याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.