पुल्ड पोर्क : पंगत मोठी, आच मंद

फेब्रुवारीतील सुपर बोलचा रविवार असो, चार जुलैची सुट्टी असो, की चर्चच्या सभागृहातील सामुदायिक भोजन. अमेरिकेत अशा प्रसंगी टेबलाच्या कडेला, विजेच्या प्लगला जोडलेले, काचेच्या झाकणाचे एक लंबगोल भांडे हमखास दिसते. झाकण उचलले की आत तंतू-तंतू मोकळे झालेले तपकिरी मांस वाफाळत असते. पाहुणा ते चिमट्याने उचलून मऊ पावात भरतो, वर कोबीची आंबटगोड कोशिंबीर घालतो आणि पुढे सरकतो. हे 'पुल्ड पोर्क'. नोकरी वा शिक्षणानिमित्त तिकडे गेलेल्या मराठी मंडळींची या पदार्थाशी पहिली ओळख बहुधा अशाच एखाद्या 'पॉटलक'मध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणावयाच्या जेवणात होते. आणि पुढच्या वेळी तो आपणच करावा, अशी इच्छाही तेथेच उत्पन्न होते.

इच्छा वाजवी आहे. सकाळी मांस भांड्यात टाकावे आणि संध्याकाळी काढावे, इतके हे काम सोपे असल्याचा लौकिक आहे. चार माणसांसाठी तो खराही ठरतो. मात्र माणसे तीस झाली की अडचण शिजवण्यात राहत नाही. ती आधीच्या हिशेबात आणि नंतरच्या तासांत असते. स्लो कुकर मांस शिजवून देतो. किती आणावे हे तो सांगत नाही, आणि शिजलेले मांस झटपट गार करण्याची सोयही त्याच्यापाशी नाही.

मुळात हा पदार्थ विजेच्या भांड्यातला नव्हेच. नॉर्थ कॅरोलिना राज्यात तो लाकडाच्या निखाऱ्यांवर, धुरात, रात्रभर होतो. राज्याच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर भाजून त्याला व्हिनेगर आणि लाल मिरचीचा पातळ रस लावतात. पश्चिमेकडील लेक्झिंग्टन गावाच्या पद्धतीत केवळ खांदा भाजला जातो आणि रसात थोडा टोमॅटो येतो. शेजारच्या साऊथ कॅरोलिनात मोहरीचा पिवळा सॉस चालतो. व्हिनेगर आणि डुकराचे मांस ही जोडी गोव्याच्या विंदालूमुळे मराठी वाचकाला अपरिचित नाही, त्यामुळे यांपैकी पूर्वेकडचा रस आपल्याकडच्या जिभेला सर्वांत लवकर रुचावा. स्लो कुकरमधील मांसाला 'बार्बेक्यू' म्हणण्यास तेथील जुने खवय्ये साफ नकार देतात. त्यांचा आक्षेप खरा आहे. या भांड्यात धूर नाही आणि मांसावर धरणारी काळपट, खरपूस सालही नाही. पण लाकडाची भट्टी आणि रात्रभर तिच्यापाशी बसणारा माणूस, हे दोन्ही किती घरांत असणार?

या भांड्याची जन्मकथाही गमतीची आहे. शिकागोच्या इर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचे पेटंट मिळाले. शब्बाथच्या दिवशी चूल पेटवणे ज्यू धर्मात वर्ज्य. म्हणून आदल्या संध्याकाळी घेवड्याचे दाणे, बटाटे आणि मांस यांचे 'चोलंट' गावच्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून द्यावयाचे, अशी लिथुआनियातील ज्यू वस्त्यांमधील रीत त्यांनी आईकडून ऐकली होती. तिच्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. नोकरीला जाणाऱ्या गृहिणींनी ते उचलून धरले. ज्यू स्वयंपाकातून आलेले हे उपकरण आज ज्या पदार्थांसाठी ओळखले जाते, त्यांत डुकराचे मांस अग्रभागी असावे, हा योगायोग नॅक्सन यांच्या आईला कितपत मानवला असता, कोण जाणे.

आता मांसाविषयी. पुल्ड पोर्कसाठी खांदाच हवा. अमेरिकी खाटकाकडे खांद्याचा वरचा भाग 'बोस्टन बट' या नावाने मिळतो. नावावरून तो मागच्या बाजूचा वाटतो, पण तो पुढच्या पायाच्या वरचा असतो. जनावर दिवसभर ज्या स्नायूंवर उभे राहते आणि चालते, ते चिवट असतात, कारण त्यांत कोलॅजन नावाचे प्रथिन भरपूर असते. हे कोलॅजन ओलसर उष्णतेत, साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन होते. पायाचे सूप गार झाल्यावर थिजते, ते याच जिलेटिनमुळे. मांसाचे तंतू एकमेकांपासून सुटतात आणि त्यांच्यामध्ये हा बुळबुळीत ओलावा पसरतो, म्हणून खांदा इतका वेळ शिजूनही कोरडा लागत नाही. पाठीचे मांस दिसायला सुबक आणि कमी चरबीचे असते, पण त्यात कोलॅजन जवळजवळ नसल्याने आठ तासांनी त्याचा भुसा होतो. 'कमी चरबी म्हणजे चांगले' हा शहरी समज येथे बाजूला ठेवावा लागतो.

खाण्यास सुरक्षित होणे आणि तंतू सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्याच्या पोर्कसाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटांची विश्रांती, अशी मर्यादा ठरवली. त्या तापमानाला खांदा खाण्याजोगा होतो, पण चावता चावता जबडा दुखेल. काट्याने ओढताच सुटावा यासाठी त्याच्या गाभ्याचे तापमान ९० ते ९५ अंशांवर जावे लागते. डुकराच्या मांसातील जंतांची आपल्याकडे जी धास्ती असते, तिला या तापमानात वाव उरत नाही.

भांड्यावरील 'लो' आणि 'हाय' या दोन खुणांचा अर्थ पुष्कळांना उलगडलेला नसतो. 'लो'वर मांस कमी तापते, असे नाही. बहुतेक कुकर दोन्ही ठिकाणी उकळबिंदूच्या किंचित खाली, जवळपास त्याच तापमानाला पोहोचतात. 'लो'वर पोहोचण्यास वेळ अधिक लागतो. अडीच-तीन किलोच्या खांद्याला 'लो'वर आठ ते दहा तास, 'हाय'वर पाच ते सहा तास धरावेत. झाकण उघडून डोकावले की साठलेली वाफ जाते आणि ती परत भरून येण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. दर तासाला चमचा घालून पाहणाऱ्या उत्साही मंडळींचे जेवण म्हणूनच उशिरा होते.

पंगतीचा हिशेब कागदावर मांडलेला बरा. पावासोबत आणि इतर पदार्थ असताना माणशी १२५ ग्रॅम शिजलेले मांस पुरते. तीस माणसांना पावणेचार किलो. हाडासह आणलेल्या खांद्यातून हाड, सुटलेली चरबी आणि रस वजा जाता निम्म्याहून थोडे अधिक मांस हाती लागते; तेव्हा कच्चे मांस सात किलो हवे. बिनहाडाचे असेल तर सव्वासहा किलो. नवखा यजमान येथेच फसतो. शिजलेल्या मांसाचा अंदाज धरून तो तितकेच कच्चे आणतो आणि निम्मी पंगत कोशिंबिरीवर निभावते.

अमेरिकी घरात सर्वसाधारण कुकर सहा क्वार्टचा, म्हणजे पावणेसहा लिटरांच्या आसपास असतो. तो निम्म्यापेक्षा जास्त आणि दोन-तृतीयांशापेक्षा कमी भरावा, असा दंडक आहे. काठोकाठ भरलेले भांडे तापतच नाही लवकर, आणि मधले मांस तासन् तास कोमट राहते. एका कुकरमध्ये अडीच-तीन किलोच मावतात, म्हणून तीस माणसांसाठी तीन कुकर लागतात. पॉटलकच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडून कुकर उसना आणणे हा म्हणूनच तेथील रिवाज आहे. विजेचा खर्च फारसा नाही. एक कुकर दोनशे ते तीनशे वॅटचा, दहा तासांत दोन-तीन युनिटांवर जात नाही. अमेरिकेहून नातेवाइकांनी प्रेमाने आणलेला कुकर मात्र पुण्या-मुंबईत थेट भिंतीत लावू नये. तो १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर जळतो. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवाच.

मांस पूर्ण वितळलेले असावे. गोठलेला गोळा भांड्यात टाकला, तर तो जंतूंच्या वाढीला पोषक तापमानात फार काळ रेंगाळतो. मोठ्या खांद्याचे दोन-तीन तुकडे करावेत. उष्णता आत लवकर शिरते आणि मसाला लागण्यास जागाही वाढते. किलोमागे १५ ग्रॅम मीठ, त्यात लाल मिरचीची पूड, मिरी, लसूण, मोहरीची पूड आणि थोडी तपकिरी साखर मिसळून आदल्या रात्री चोळून ठेवावे. तिकडची पॅप्रिका नसेल तर रंगासाठी बेडगी मिरची चालते. मांस भांड्यात ठेवताना कपभर पाणी किंवा व्हिनेगर-पाणी पुरे. बहुतेक पाककृतींत याहून जास्त द्रव लिहिलेला असतो, तो अनावश्यक आहे. मांस स्वतःच इतका रस सोडते की शेवटी ते त्यात पोहत असते.

तो रस फेकू नये. मांस बाहेर काढून रस पातेल्यात ओतावा, वर तरंगणारी चरबी पळीने काढून टाकावी, आणि खालचा रस गॅसवर निम्मा होईपर्यंत आटवावा. मांस गरम असतानाच दोन काट्यांनी सोडवावे, पण फार बारीक करू नये. मग आटवलेला रस, व्हिनेगर, मिरचीचे तुकडे आणि चिमूटभर साखर घालून कालवावे. खरपूस सालीची उणीव भरून काढण्याचा एक उपाय आहे. सोडवलेले मांस ट्रेमध्ये पसरून ओव्हनच्या ग्रिलखाली पाच-सात मिनिटे ठेवले की कडा करपट, कुरकुरीत होतात. बाटलीतला कृत्रिम धूर घालणारेही आहेत; त्याचा चमचा जरा मोठा झाला की सगळे मांस औषधी लागते.

येथपर्यंत सारे सुखाचे असते. धोका यानंतर सुरू होतो. 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स' हा जिवाणू शिजवल्याने मरतो, पण त्याचे बीजाणू उकळत्या तापमानातही टिकतात. मांस सावकाश गार होऊ लागले की ते जागे होतात, आणि ४३ ते ४५ अंशांच्या आसपास त्यांची संख्या दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी सुमारे दहा लाख लोक या जिवाणूमुळे आजारी पडतात. सामुदायिक जेवणे, मोठे हंडे आणि आधी करून ठेवलेले मांस, अशीच बहुधा त्याची पार्श्वभूमी असते. सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. बहुतेकांना ते दिवसभरात थांबते. वृद्धांना आणि लहान मुलांना ते जड जाऊ शकते. अशा मांसाला वास येत नाही, चवही बिघडत नाही, म्हणून चाखून पाहण्याला काही अर्थ नाही.

म्हणूनच शिजलेले मांस एकतर ६० अंशांच्या वर गरम ठेवावे, नाहीतर झटपट गार करावे. पाहुणे दोन-चार तासांत येणार असतील, तर कुकरची 'वॉर्म' ही खूण पुरेशी आहे. मात्र तापमापी खुपसून खात्री करावी. आदल्या दिवशी शिजवायचे असेल, तर कुकरचे जड मातीचे भांडे तसेच फ्रिजमध्ये सरकवणे ही सर्वांत मोठी चूक. ते रात्रभर आतून ऊबदार राहते. मांस सोडवून, दोन इंचांपेक्षा कमी थराने, उथळ ट्रेंमध्ये पसरून फ्रिजमध्ये ठेवावे. तेथील व्यावसायिक स्वयंपाकघरांना लागू असलेला नियम असा, की अन्न ५७ अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तेथून ५ अंशांवर पुढील चार तासांत यावे. दुसऱ्या दिवशी ते पातेल्यात किंवा ओव्हनमध्ये राखून ठेवलेल्या रसासह ७४ अंशांपर्यंत तापवावे, आणि मगच आधी गरम केलेल्या कुकरमध्ये वाढण्यासाठी काढावे. गार मांस थेट कुकरमध्ये तापवू नये. मंद आच हा ज्या भांड्याचा गुण, तोच येथे दोष ठरतो.

याच भांड्याबाबत आणखी एक इशारा, कारण पुल्ड पोर्कशेजारी पुष्कळदा राजम्याचा पदार्थही असतो. कच्च्या राजम्यातील लेक्टिन हे विष स्लो कुकरच्या मंद आचेवर नष्ट होतेच असे नाही. तो भिजवून, पाणी बदलून, अर्धा तास खदखदून उकळल्यावरच कुकरमध्ये घालावा. प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांना सरावलेल्या मराठी घराला हे सांगावे लागत नव्हते. नव्या भांड्यासोबत ते सांगावे लागते.

शिजताना वीज गेली तर? भारनियमन भोगलेल्या वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. यजमान घरी असेल तर मांस लगेच गॅसवर पुरे करावे. घरी कोणी नसताना वीज किती वेळ गेली होती हे कळत नसेल, तर मांस शिजलेले दिसले तरी ते टाकून द्यावे, असा कृषी खात्याचा सल्ला आहे. सात किलो मांसाच्या बाबतीत तो पाळणे जिवावर येते, हे उघड आहे.

वाढून झाल्यावर टेबलावर दोन तासांहून अधिक काळ तसेच राहिलेले, किंवा ३२ अंशांवरच्या उन्हाळी अंगणात तासभर राहिलेले मांस परत भांड्यात घालू नये. बाकीचे रसासह चपट्या पिशव्यांत भरावे. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस टिकते, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने. पिशव्या चपट्या असल्या तर वितळण्यास वेळ लागत नाही, आणि पाहुणे अचानक आले तरी पाव तेवढा आणावा लागतो.