नातवंडांचे छोटे कोर्स: कोणता पुढे मोजला जातो?



लष्करातून सुटलेल्या नातवाला पूर्वी आपण विचारत असू, "आता कुठल्या युनिव्हर्सिटीत जाणार?" आता तो सांगतो, "आजोबा, आधी सहा महिन्यांचा कोर्स करतो, मग बघू." हे ऐकून घरातील वडीलधारी मंडळी नाराज होतात. मुलांनी शिकून मोठे व्हावे म्हणून आपण या देशात येऊन पडेल ते काम केले, आणि हा तोआर सोडून सर्टिफिकेटच्या मागे लागला, असे वाटते. ते वाटणे साहजिक आहे. पण छोट्या कोर्सांचे दोन प्रकार असतात. एका प्रकारचा कोर्स पुढच्या शिक्षणात जमेस धरला जातो, दुसऱ्याचा तिथेच शेवट होतो. हा फरक आपल्याला कळला, तर नातवंडांना रागावण्याऐवजी उपयोगी सल्ला देता येईल.

ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. ज्यांचे तरुणपण मुंबई-पुण्याकडे गेले त्यांना टायपिंगचे क्लास आठवत असतील. मॅट्रिक झाले की क्लासात नाव घालायचे. आधी मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा, मग ४० शब्दांची. जोडीला शॉर्टहँड घेतले तर ८०, १००, १२० अशी चढती परीक्षा. प्रत्येक सर्टिफिकेट स्वतःच्या बळावर नोकरीच्या अर्जाला जोडता येत असे, आणि पुढची परीक्षा दिली की त्याहून बरी जागा मागता येत असे. रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत आपल्या समाजातील कितीतरी जणांनी अशीच सुरुवात केली. १९६० च्या दशकात ऑर्ट संस्थेने मुंबईत यहुदी मुलांसाठी तांत्रिक शिक्षण सुरू केले, त्यामागेही हाच विचार होता: आधी हाताला काम, मग पुढची पायरी.

आज जगभर या पद्धतीला नवे रूप आले आहे. कॉलेज एखादा विषय थोड्या महिन्यांत शिकवते, परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र देते. अशी चार-सहा प्रमाणपत्रे एकावर एक रचली की त्यांतून डिप्लोमा किंवा पदवीचा काही भाग तयार होतो. जून २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या परिषदेने आपल्या सदस्य देशांना अशा छोट्या प्रमाणपत्रांबद्दल शिफारस केली. प्रमाणपत्रावर काय शिकवले, किती तासांचा अभ्यास होता, परीक्षा कशी घेतली आणि प्रमाणपत्र कोणी दिले हे स्पष्ट लिहिलेले असावे, असा तिचा आशय आहे.

आपल्या इस्रायलमध्येही अशा शिड्या आहेत. तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण हिशेबनिशीचे, म्हणजे हनहालत हेश्बोनोतचे. येथे सूग १, सूग २ आणि सूग ३ असे दर्जे आहेत. पहिले दोन बहुधा एकत्रच शिकवतात. ते पूर्ण केलेल्या मुलीला एखाद्या छोट्या कचेरीत मदतनीस म्हणून काम मिळू शकते. काम करता करता ती सूग ३ ची तयारी करते. पहिला अभ्यास वाया जात नाही, कारण दुसरा त्याच्यावरच उभा असतो.

दुसरे उदाहरण विजेच्या कामाचे. १९५४ च्या वीज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय विजेचे काम करता येत नाही. हश्मलाईचे परवानेही चढत्या दर्जाचे आहेत: आधी मासी, मग मुस्माख, मग राशी. वरचा परवाना मिळवायला पुढचे शिक्षण लागते आणि मधल्या काळातील कामाचा अनुभवही लागतो. ज्याला याहून पुढे जायचे आहे तो हंदेसाईचा सुमारे दोन वर्षांचा अभ्यास करू शकतो. पुढे इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची झाली तर काही कॉलेजे हंदेसाईला काही विषयांत सूट देतात.

तिसरे उदाहरण मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे युनिव्हर्सिता हा-प्तुहाचे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७६ पासून शिकवणाऱ्या या विद्यापीठाचे मुख्य केंद्र आज रआनाना येथे आहे. पहिल्या पदवीच्या विषयांसाठी येथे बगरूत किंवा सिकोमेत्री मागत नाहीत. विद्यार्थी एका वेळी एक विषय घेऊ शकतो. उत्तीर्ण झाला की त्या विषयाचे गुण, म्हणजे नेकुदोत, त्याच्या खात्यात जमा होतात. मध्ये नोकरी, लग्न, मूल यांमुळे खंड पडला तरी आधीचे जमा झालेले गुण पुसले जात नाहीत. याशिवाय आफिकेई मआवार नावाची वाट आहे. ठरलेले विषय ठरलेल्या सरासरीने पूर्ण केले तर दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात, अनेकदा थेट दुसऱ्या वर्षाला, प्रवेश मिळू शकतो. ज्या मुलाची बगरूत कच्ची राहिली त्याच्यासाठी ही वाट फार मोलाची आहे.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. जाहिरातीत मोठा पगार, सुंदर फोटो आणि "नोकरीची हमी" असते. कोर्स खासगी, फी हजारो शेकेल, आणि शेवटी मिळणारी तेउदा त्या संस्थेच्या बाहेर कोणी विचारात घेत नाही. असा प्रत्येक कोर्स वाईटच असतो असे नाही. चांगला शिक्षक असेल तर मुलगा काम शिकेलही. पण पुढे पदवीला जाताना त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.

येथे पैशाचा प्रश्न येतो. लष्करी सेवा संपल्यावर मुलांना पिकादोन, म्हणजे ठेव, मिळते. पहिली पाच वर्षे ती ठरलेल्या कारणांसाठीच वापरता येते: शिक्षण, व्यवसायाचे प्रशिक्षण, घर, लग्न, धंदा, गाडीचा परवाना. एकदा कोर्सला दिलेली रक्कम पुढे पदवीच्या फीसाठी उरत नाही. पिकादोन कमी पडला की बहुतेक घरांत आजी-आजोबांच्या बचतीला हात लागतो. म्हणून पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

पहिला प्रश्न: शेवटची परीक्षा कोण घेते? सरकारी खाते, मान्यताप्राप्त कॉलेज, की कोर्स विकणारी संस्था स्वतःच?

दुसरा: या कोर्सचे नेकुदोत किंवा विषयांची सूट पुढे कुठे मिळते? "मिळेल हो" हे उत्तर पुरेसे नाही. ज्या कॉलेजात पुढे जायचे आहे त्याच्याकडूनच ते लेखी घ्यावे.

तिसरा: या कामाला कायद्याने परवाना लागतो का, आणि लागत असेल तर या कोर्सने त्या परवान्याच्या परीक्षेला बसता येते का?

चौथा: कोर्स मध्येच सोडला तर किती पैसे परत मिळतात? हे करारात लिहिलेले असावे. फोनवर कोणी घाई केली तर कार्डाचा नंबर देऊ नये. करार हिब्रूत असतो, म्हणून घरातील ज्याचे हिब्रू वाचन चांगले असेल त्याच्याकडून तो शांतपणे वाचून घ्यावा.

छोट्या कोर्साने सगळे काही साधते असेही समजू नये. डॉक्टर किंवा वकील व्हायचे असेल तर पूर्ण पदवीला पर्याय नाही. सरकारी नोकरीत अनेक जागांना तोआर लागतोच. ज्या मुलाला अभ्यासाची आवड आहे आणि घरची परिस्थिती बरी आहे, त्याला सरळ पदवीकडे जाऊ द्यावे. पण ज्याला लगेच कमाई करायची आहे, किंवा ज्याचे मन अजून ठरलेले नाही, त्याने तीन-चार वर्षे अडकवून अर्ध्यावर सोडण्यापेक्षा एक नीट निवडलेली पायरी चढलेली बरी. अर्धी सोडलेली पदवी नोकरीच्या अर्जावर फारसे काही दाखवत नाही, पण पूर्ण झालेले प्रमाणपत्र दाखवते.

आपल्यापैकी अनेकांनी या देशात आल्यावर हिब्रू भाषा उल्पानमध्ये आलेफ, बेत, गिमेल अशा वर्गांतून शिकली. आलेफच्या वर्गात बसलेल्याला कोणी "एवढ्यावरच थांबलास का?" असे म्हटले नाही. पुढे बेत आहे हे सर्वांना ठाऊक होते. शाब्बाथच्या जेवणाला नातवंडे जमतील तेव्हा त्यांच्या कोर्सची चौकशी त्याच नजरेने करावी: "हा तुझा आलेफ झाला, बेत कुठे आहे?" उत्तर तयार असेल तर आशीर्वाद द्यावा, आणि जमत असेल तर फीला हातभारही लावावा. उत्तर नसेल तर पैसे भरण्याआधी वरचे चार प्रश्न त्यांच्या हाती द्यावेत.