त्रास देणारी गोळीच राखण करते

पाळी जाण्याच्या दिवसांसाठी आपल्याकडे दोन्ही भाषांत शब्द आहेत, पण मोकळं बोलणं मात्र कुठल्याच भाषेत होत नाही. मराठीत ‘अंगाची लाही होते’ म्हणतात, कानडीत ‘मै उरी’ म्हणतात, आणि दोन्हीकडे उत्तर एकच मिळतं : ‘वय झालं, सोसायचं.’ आता डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देऊ लागले आहेत, त्याला ‘एचआरटी’ म्हणतात. गोळ्या घरात येतात खऱ्या, पण त्यांनी काही त्रास झाला तर कुणाला विचारायचं हे ठाऊक नसतं. मग बाई आपल्या मनानंच निर्णय घेते. त्या निर्णयाबद्दल आज लिहायचं आहे.

माझं माहेर बेळगावचं. आई कानडी, वडील मराठी. लग्न होऊन भोपाळला आले त्याला २२ वर्षं झाली. वयाच्या ४६ व्या वर्षी पाळी मागेपुढे होऊ लागली. रात्री दोन-तीनदा घामानं जाग यायची आणि पुन्हा झोप लागायची नाही. आपल्या देशात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, म्हणजे मी काही जगावेगळी नव्हते. डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, थायरॉईड, सोनोग्राफी, मॅमोग्राफी असं सगळं पाहून औषध सुरू केलं. त्याला आता दीड वर्ष झालं.

गोळ्या दोन, कामं दोन

या उपचारात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन अशी दोन औषधं असतात. घाम, लाही, उडालेली झोप यांना उतार पडतो तो मुख्यतः इस्ट्रोजेनमुळे. पण एकटं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं. त्या वाढीला आवर घालायचं काम प्रोजेस्टेरॉनचं. पाळी अजून पूर्ण गेलेली नसेल तर प्रोजेस्टेरॉन बहुधा महिन्यातले १२ ते १४ दिवस देतात आणि ते थांबलं की पाळीसारखा रक्तस्राव होतो. पिशवी काढलेली असेल तर ते सहसा लागत नाही.

गोची इथेच आहे. जिचा गुण लगेच दिसतो ती गोळी इस्ट्रोजेनची. पोट फुगणं, सुस्ती, उगाच रडू येणं हे पुष्कळदा प्रोजेस्टेरॉनच्या दिवसांत होतं. त्यामुळे बाई जी गोळी सोडते ती नेमकी राखण करणारी असते.

माझ्या नात्यातल्या एका वहिनींनी हेच केलं. ‘त्या गोळीनं माझी चिडचिड होते, घरात भांडणं होतात,’ म्हणून त्यांनी प्रोजेस्टेरॉन बंद केलं आणि दुसरी गोळी चालू ठेवली. आठ महिने अगदी छान गेले. मग अंगावरून इतकं जाऊ लागलं की उभं राहवेना. सोनोग्राफीत अस्तर जाड झालेलं दिसलं, तुकडा तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे दिवस त्या घरानं कसे काढले ते मी पाहिलं आहे. कर्करोग नव्हता, अस्तराची वाढ होती. उपचार काय दिला? तेच प्रोजेस्टेरॉन, वेगळ्या स्वरूपात!

ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. अमेरिकेत एके काळी एकट्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अशा बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढल्याचं दिसलं आणि त्यानंतर प्रोजेस्टेरॉन जोडून देण्याची पद्धत रुळली.

सोडण्याआधी बदलून पाहा

मग त्रास सोसायचा का? मुळीच नाही. बहुतेक त्रास पहिल्या तीन महिन्यांत आपोआप कमी होतात. न झाले तर मात्रा, वेळ किंवा औषध घेण्याची तऱ्हा बदलता येते. हे बदल डॉक्टरांनी करायचे, पण सुचवायचं आपण.

मळमळत असेल तर इस्ट्रोजेनची गोळी जेवणाबरोबर घेतात. छाती भरून येऊन दुखत असेल तर मात्रा कमी करून पाहतात. प्रोजेस्टेरॉनच्या एका प्रकारानं (मायक्रोनाइज्ड म्हणतात त्या) गुंगी येते. तो रात्री निजताना घेतला की गुंगीचाच उपयोग होतो. त्यानं मन फारच उदास होत असेल तर दुसरा प्रकार देता येतो, किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन असतं. ते अस्तराची राखण जागच्या जागी करतं.

माझं डोकं दुखायचं. गोळीनं हार्मोन वरखाली होतात, कातडीतून घेतलं तर पातळी जास्त स्थिर राहते, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि इस्ट्रोजेनचं जेल दिलं. गोळीनं रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो, तो जेल किंवा पॅचनं वाढताना दिसलेला नाही, हाही एक फायदा. जेल दंडावर किंवा मांडीवर लावायचं, छातीवर नाही. ते पूर्ण वाळू द्यायचं, हात धुवायचे आणि लगेच लहान मुलाला कडेवर घ्यायचं नाही. भोपाळच्या मे महिन्यात घाम एवढा येतो की मी संध्याकाळी आंघोळ करून, पंख्याखाली अंग कोरडं झाल्यावरच लावते. पॅच वापरणाऱ्यांनी दर वेळी जागा बदलावी, म्हणजे कातडी लाल होत नाही.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा. इस्ट्रोजेन पोटातून घेतल्यावर थायरॉईडच्या गोळीची मात्रा कधी कधी वाढवावी लागते. आणि हे औषध म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, पाळी अधूनमधून येत असेल तर ती काळजी वेगळी घ्यावी लागते.

रक्तस्रावाला ‘असंच असतं’ म्हणू नका

औषध सुरू केल्यावर पहिले तीन ते सहा महिने मध्येच डाग पडू शकतात. पण सहा महिन्यांनंतरही पडत राहिले, फार जाऊ लागलं किंवा सगळं सुरळीत असताना नव्यानं सुरू झालं, तर तपासणी हवीच.

मी राहते त्या शहराला हा धडा फार महाग पडला आहे. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर सगळ्यांचं लक्ष डोळे आणि फुप्फुसं यांकडे होतं. बायकांच्या तक्रारी कुणी विचारत नव्हतं. १९८५ साली आपल्या डॉ. राणी बंग यांनी डॉ. मीरा सद्गोपाल यांच्याबरोबर वायुग्रस्त वस्त्यांतल्या बायका तपासल्या, तेव्हा अति रक्तस्राव, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटातली सूज यांचं प्रमाण फार मोठं आढळलं. पुढे गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायका बोलत नव्हत्या, कारण विचारणारं कुणी नव्हतं.

भीती किती, खरं किती

‘या गोळ्यांनी कर्करोग होतो’ असं शेजारीपाजारी सांगतात. ही भीती २००२ सालची. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दोन्ही हार्मोन घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ३८ रुग्ण दिसले, न घेणाऱ्यांत ३०. म्हणजे ८ जास्त. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषधंही जुन्या प्रकारची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचा वेष्टनावरचा ठळक इशारा काढण्याचं जाहीर केलं. एक इशारा मात्र ठेवला : एकट्या इस्ट्रोजेनमुळे होणाऱ्या गर्भाशयाच्या कर्करोगाचा. वहिनींची गोष्ट पुन्हा आठवा.

अर्थात हे औषध सगळ्यांसाठी नाही. स्तनाचा कर्करोग, गुठळी, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर डॉक्टर सहसा दुसरे उपाय पाहतात. आणि औषध चालू असताना एकाच पायाला सूज येऊन दुखणं, छातीत कळ, धाप, अचानक बोबडी वळणं यांपैकी काही झालं तर वाट न पाहता १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा.

एक वही ठेवा

मुलांची जुनी वही पुरे. तारीख, कुठली गोळी घेतली, झोप, घाम, डोकेदुखी, रक्तस्राव, मन कसं होतं, एवढंच लिहायचं. तीन महिन्यांत आपोआप दिसू लागतं की कुठला त्रास औषधाचा, कुठला वयाचा आणि कुठला घरातल्या जागरणाचा. डॉक्टरांपुढे पाच मिनिटांत सगळं आठवत नाही, वही बोलते. गोवा एक्स्प्रेसनं बेळगावला जाते तेव्हा दोन्ही औषधं आणि वही पर्समध्येच असतात, सीटखालच्या बॅगेत नाही.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. आई, सासूबाई, वहिनी किंवा बायको हे औषध घेत असेल तर नुसतं ‘गोळ्या घेतेस ना?’ असं विचारू नका. ती ‘हो’ म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. ‘दोन्ही घेतेस ना?’ असं विचारा. आईला कानडी जवळची असेल तर कानडीतून : ‘एरडू गुळिगि तगोतीयेनव्वा?’ एक सोडली असेल तर रागावू नका. का सोडली ते ऐकून घ्या, वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.